चिप कंपनीचा शेअर स्वस्त दिसला की आधी तिचं गोदाम बघा

चांगल्या सेमीकंडक्टर, म्हणजे चिप कंपनीचा पी/ई (शेअरचा भाव भागिले शेअरमागची वर्षाची कमाई) सात-आठवर आला की हात शिवशिवतात. जरा थांबा. या धंद्यात पी/ई सगळ्यात शेवटी बघायचा.

आधी कंपनी नेमकं काय करते ते शोधा. एनव्हिडिया चिप डिझाइन करते, तिचा स्वतःचा कारखाना नाही. त्यातल्या बहुतेक चिप बनवते तैवानची टीएसएमसी, आणि तिला लागणारी ईयूव्ही यंत्रं, म्हणजे चिपवर अतिसूक्ष्म नक्षी उमटवणारी यंत्रं, जगात फक्त नेदरलँड्सची एएसएमएल बनवते. तिघींना एकच फुटपट्टी लावू नका. साधी मेमरी चिप मात्र कांद्यासारखी. भाव चढला की सगळेच लावतात, आणि माल बाजारात येईपर्यंत भाव पडलेला असतो.

आता साठा मोजा. मायक्रॉन ही मेमरीवाली अमेरिकी कंपनी घेऊ. तिचा वार्षिक अहवाल, म्हणजे टेन-के, एसईसी या अमेरिकी बाजार नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर फुकट मिळतो. ताळेबंदातला इन्व्हेंटरीचा, म्हणजे साठ्याचा आकडा घ्या, त्याला विकलेल्या मालाच्या खर्चाने भागा आणि ३६५ने गुणा. मायक्रॉनचं आर्थिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास संपतं. आर्थिक वर्ष २०२१ अखेर ४.४९ अब्ज डॉलरचा साठा, खर्च १७.२८ अब्ज, म्हणजे ९५ दिवसांचा माल. आर्थिक वर्ष २०२२ अखेर साठा ६.६६ अब्ज, खर्च १६.८६ अब्ज, म्हणजे १४४ दिवस! त्याच वर्षी विक्री ३०.७६ अब्ज होती आणि निव्वळ नफा ८.६९ अब्ज. शेअरमागे कमाई ७.७५ डॉलर, भाव ५५ ते ६०च्या घरात, पी/ई जेमतेम सात. सगळं झकास दिसत होतं, फक्त गोदाम तुंबलं होतं. पुढच्या वर्षी विक्री निम्म्यावर आली आणि ५.८३ अब्जांचा तोटा झाला.

आणि भाव? तोट्याचं ते वर्ष संपताना शेअर सत्तरच्या आसपास, म्हणजे आधीपेक्षा वरच होता. बाजाराने पुढची तेजी आधीच धरली होती. म्हणून एका वर्षाच्या कमाईवर पी/ई काढू नका. एक तेजी आणि एक मंदी येईल इतक्या, म्हणजे सात-आठ वर्षांच्या कमाईची सरासरी काढा आणि भावाला तिने भागा. शेजारी ग्रॉस मार्जिन, म्हणजे विक्रीतून मालाचा खर्च वजा करून उरलेला टक्का, लिहीत जा. मायक्रॉनचं एका वर्षात ४५ टक्क्यांवरून उणे ९वर गेलं. साठ्याचे दिवस कमी होऊ लागले, मार्जिनची घसरण थांबली आणि कंपन्यांनी नव्या यंत्रांवरचा खर्च आवरला, की अभ्यासाला बसायची खरी वेळ.

भारतातल्या नावांबाबत कळकळीने सांगतो, फक्त बातमीवर घेऊ नका. गुजरातेत धोलेऱ्यात फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, उभारणारी टाटा इलेक्ट्रॉनिक्स शेअर बाजारात नोंदलेलीच नाही. सीजी पॉवरने साणंदला चिप पॅकेजिंगचं, म्हणजे तयार चिप आवरणात बसवायचं काम हाती घेतलंय, पण ही मूळची मोटर आणि ट्रान्सफॉर्मरची कंपनी. अहवालात विभागवार विक्री दिलेली असते. त्यात चिपचा वाटा किती ते बघा आणि मगच त्यासाठी किती पैसे मोजायचे ते ठरवा.

परदेशी शेअर घेतलात तर आयकर रिटर्न भरताना शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, विसरू नका. शेअर विकला नसला तरी तो त्यात दाखवावा लागतो.