संच बंद होण्याआधीची तयारी: आधी याद्या, मग घोषणा

औष्णिक वीज केंद्राचा संच निवृत्त होतो तेव्हा कायम कर्मचाऱ्याची बदली होते, कंत्राटी कामगाराचा मात्र गेटपास संपतो. हरित ऊर्जेकडे जाताना कामगार सोबत येणार की रस्त्यात आडवे होणार, ते या एका फरकावर ठरतं. चंद्रपूर महाऔष्णिक केंद्रात 210 मेगावॉटचे पहिले दोन संच बंद झाल्यावर आज सात संच आणि 2920 मेगावॉट क्षमता उरली आहे. त्यातले उरलेले 210चे दोन संच ऐंशीच्या दशकातले आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जानेवारी 2023 मध्ये जुने कोळसा संच 2030पर्यंत निवृत्त करू नका असं कळवलं, म्हणून सगळे निवांत झाले. खरं तर तयारीला मिळालेली मुदत हीच. बंदचा आदेश हातात पडल्यावर सुरू केलेली तयारी फक्त निवेदन देण्यापुरती उरते.

कामगार संघटकाचं पहिलं काम वही. केंद्रातल्या प्रत्येक कंत्राटाची आणि त्यावरच्या प्रत्येक माणसाची नोंद करा: कोल हँडलिंग, राख हाताळणी, बॉयलर आणि टर्बाइनची देखभाल, साफसफाई, कँटीन, बागकाम, सुरक्षा. रकाने हवेत ते असे: नाव (आधारवर आहे तसंच), जन्मतारीख, विभाग, पहिल्या ठेकेदारापासून आजवरच्या सगळ्या ठेकेदारांची नावं, प्रत्यक्ष कामाला लागल्याचं वर्ष, पीएफचा यूएएन (खात्याचा कायम क्रमांक), ईएसआय (कामगार विमा) क्रमांक, शिक्षण, घरात कमावणारे किती आणि कर्ज किती. विभागामागे दोन माणसं नेमा आणि पाळी बदलताना गेटवर बसा. युनियनच्या कार्यालयात बोलावलं तर फक्त सभासद येतात, तेही अर्धेच. बायकांची नावं हमखास सुटतात, कारण साफसफाई आणि कँटीनच्या कंत्राटात त्या जास्त असतात आणि युनियनच्या यादीत कमी. त्या विभागांसाठी नोंद घेणारी बाईच असू द्या.

या वहीत नेहमी फसणारी जागा म्हणजे सलग सेवा. ठेकेदार बदलतो, माणूस तोच राहतो, पण कागदावर तो दर वेळी नवा असतो. एकेकाचे तीन-तीन यूएएन निघतात, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असतो, जन्मतारीख जुळत नाही. यूएएन एकत्र करणं आणि केवायसी दुरुस्त करणं जुना ठेकेदार सापडतो तोवरच सोपं. जुने गेटपास, वेतनचिठ्ठ्या, ईएसआय कार्ड, सुरक्षा प्रशिक्षणाची पावती, जे मिळेल त्याची झेरॉक्स प्रत्येकाच्या पाकिटात ठेवा आणि सगळ्या झेरॉक्सची आणखी एक प्रत गेटबाहेर, दुसऱ्याच ठिकाणी. मग गेटबाहेरची वही करा: राखेचे ट्रकवाले, वीटभट्ट्या, खानावळी, टपऱ्या, भाड्याच्या खोल्या. यांना कुठलाच कायदा कामगार म्हणत नाही, पण गावाचं मत हेच घडवतात.

आता कायदा. 21 नोव्हेंबर 2025पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. कारखाना किंवा खाण बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300वर गेली. अर्ज 90 दिवस आधी करायचा असतो आणि 60 दिवसांत सरकारने उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. म्हणून हरकतीचा मसुदा आधीच टाइप करून ठेवा, अर्जाची बातमी कळल्यावर लिहायला बसू नका. छाटणी झाली तर दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन आणि शिवाय पुनर्कौशल्य निधीतून 15 दिवसांचं वेतन 45 दिवसांत खात्यावर जमा व्हावं लागतं. ऐकायला बरं वाटतं. पण कंत्राटाची मुदत संपून काम गेलं तर त्याला छाटणी धरतच नाहीत, आणि बंद होणारं केंद्र नेमकं तेच करतं: वर्षाचं कंत्राट तीन महिन्यांच्या मुदतवाढीवर येतं, माणसं पाचपंचवीसने कमी होतात, मोठं ओव्हरहॉलिंग पुढे ढकललं जातं, सुट्या भागांची खरेदी थांबते. ही लक्षणं दिसली की बंद सुरू झाला असं समजा, आदेश निघो न निघो.

माहितीचा अधिकार वापरताना राज्याच्या आणि केंद्राच्या कार्यालयांत घोटाळा करू नका. महानिर्मितीला (राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीला) अर्ज करताना राज्याचे नियम लागतात: एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांची मर्यादा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही केंद्र सरकारची कोळसा कंपनी, तिथे पोस्टल ऑर्डर चालते. कंत्राटांची यादी, संचनिहाय निवृत्तीचा प्रस्ताव, खाणीचा अंतिम बंद आराखडा आणि त्यासाठीच्या एस्क्रो (राखीव) खात्यातली शिल्लक, हे चार विषय म्हणजे चार अर्ज. उत्तराला 30 दिवस, अपील धरलं तर त्याहून बरेच. कामगार सभेच्या तीन महिने आधी टाका.

संघटनांना एका टेबलावर आणणं हे सगळ्यात अवघड काम. आयटक, भारतीय मजदूर संघ, हिंद मजदूर सभा, सीटू या सगळ्यांची कोळसा कामगारांच्या वेतन वाटाघाटीत एकत्र बसण्याची सवय आहे, ती वापरा. वीज क्षेत्रातही 4 जानेवारी 2023चा संप तीस-एकतीस संघटनांनी मिळून केला आणि त्याच दिवशी वाटाघाटीनंतर मागे घेतला. तो संप खासगीकरणाविरुद्ध होता, हे विसरू नका. सौर आणि पवन प्रकल्प बहुतेक खासगी असल्यामुळे ‘हरित’ हा शब्द ऐकला की वीज कामगाराला ‘खासगी’ ऐकू येतं. त्याला हवामानबदलावर व्याख्यान देऊन उपयोग नाही. मागणीपत्रात पहिली ओळ अशी हवी: बंद संचाच्या जागेवर, त्याच्या स्विचयार्डवर (वीज वाहिन्यांत सोडणाऱ्या आवारावर), पाण्यावर आणि जोडणीवर जे उभं राहील ते महानिर्मितीनेच उभारावं, आणि वहीतल्या माणसांना त्यात अग्रक्रम असावा. फलकावर ‘कोळसा बंद करा’ लिहिलंत तर सभा तिथेच संपली. स्पेनमध्ये ऑक्टोबर 2018 मध्ये सरकार, खाणमालक आणि संघटना यांच्यात लेखी करार आधी झाला, मुदतपूर्व निवृत्तीसह, आणि बहुतेक खाणी त्यानंतर वर्षाअखेरीस बंद झाल्या. तो क्रम मागा.

खोटं मात्र सांगू नका. सौर प्रकल्प उभारताना माणसं लागतात. चालू झाल्यावर पॅनेल धुणं, गवत कापणं, इन्व्हर्टरवर लक्ष ठेवणं आणि सुरक्षा एवढंच काम उरतं. औष्णिक केंद्रातल्या हजारोंची सोय त्यात होत नाही. सौर तंत्रज्ञांसाठीचं सूर्यमित्र प्रशिक्षण 600 तासांचं असतं आणि आयटीआय किंवा डिप्लोमावाल्यांसाठी आहे. पन्नाशीतल्या, सातवी शिकलेल्या राख कामगाराला त्याचा उपयोग नाही. म्हणून वही वयाने चाळून घ्या: पंचावन्नच्या पुढच्यांना निवृत्तीपर्यंतचा भत्ता, मधल्यांना जुना संच पाडण्याचं, राखबंधारा सावरण्याचं आणि खाणीची जमीन भरण्याचं काम, तरुणांना प्रशिक्षण. आणि प्रशिक्षणाच्या काळात रोजी बुडणार, ती कोण देणार हे ठरल्याशिवाय एकही नाव नोंदवू नका. राखबंधाऱ्यावर पॅनेल ही कल्पना भाषणात छान वाटते. तिथली जमीन पोकळ असते, पाया महाग पडतो आणि उडती राख पॅनेलवर बसते.

जमिनीचा प्रश्न वेगळा हाताळा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये भाडं हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख, दरवर्षी 3 टक्के वाढ. करार करण्याआधी सातबारा, कूळ, वारसांच्या नोंदी तपासा, आणि गायरान असेल तर तिथे गुरं चारणारे कोण ते लिहून घ्या. वीज प्रकल्पात जमीन गेलेले धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांचा मंत्रालयात विष घेऊन जानेवारी 2018 मध्ये झालेला शेवट मोबदल्यातल्या तफावतीतून झाला. शेजारच्या दोन गटांना वेगळा दर हे असंतोषाचं सगळ्यात खात्रीचं बियाणं.

ग्रामसभेचा ठराव घ्यायचा तर गणसंख्या मोजून घ्या: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. तहकूब सभेतला ठराव पुढे कुणीही हाणून पाडतो. महिलांची सभा आधी झाली पाहिजे, तिचं इतिवृत्त जोडा.

मग नेते. आमदाराकडून हमखास मिळणारं आश्वासन म्हणजे ‘जुन्याच्या जागी नवा कोळसा संच आणतो’. भांडू नका, विचारा की नव्या संचात आपल्या वहीतली किती माणसं घेणार, आणि उत्तर लेखी मागा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या) प्रश्नाचा मसुदा दीड महिना आधी पोचवा, दोन पक्षांच्या आमदारांकडे, वेगवेगळ्या शब्दांत. खाणबाधित भागासाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीवर नजर ठेवा: 2015 पूर्वीच्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या 30 टक्के, नंतर लिलावात गेलेल्यांवर 10 टक्के रक्कम त्यात जमा होते. कोळसा निघणं थांबलं की हा झराही आटतो. त्यामुळे पर्यायी रोजगाराचा प्रस्ताव अंदाजपत्रक आणि जागेच्या उताऱ्यासकट खाण जोरात चालू असतानाच जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि त्या पोचेची प्रत वहीच्या पहिल्या पानावर डकवा.