हेडचं काम झालं आणि जुनी मारुती ८०० सुरू होईना? असा शोधा दोष

कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० चं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून काम केलं. गॅरेजमध्ये गाडी पटकन सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. अशा वेळी आपण आधी बॅटरी बदलतो, मग प्लग, मग कॉइल. कळकळीनं सांगतो, इतक्यात एकही पार्ट विकत घेऊ नका. कामाआधी गाडी नीट सुरू होत असेल, तर दोष बहुतेक जिथे हात लागला तिथेच असतो. बिल समोर घ्या आणि काय काय उघडलं होतं ते लिहून काढा.

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. सेल्फ मारा आणि आवाज ऐका. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

इंजिन जड, रडत फिरतंय? मल्टिमीटर लावा. चार्ज असलेली बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी ठीक असेल तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिनाशी असलेली जोडणी, बघा. आमच्या १९९७ च्या गाडीत हेच निघालं. इंजिनकाम करताना अर्थिंगची पट्टी सोडली होती आणि परत बसवताना बोल्टखाली रंगाचा थर तसाच राहिला होता. चार-पाचदा सेल्फ मारल्यावर पट्टीला हात लावला तर चटका बसला. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायला सांगितलं. मीटरनं १ व्होल्टच्या वर दाखवलं. अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. अशा वेळी सेल्फ जड फिरतो, कॉइललाही पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि ठिणगी मरते. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासला, बोल्ट आवळला, गाडी सुरू झाली.

इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही? मग आधी ठिणगी तपासा, नंतर पेट्रोल. प्लग काढून वायरीत बसवा, त्याचा धातू इंजिनला टेकवा, आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना बघा. वायर हातात धरू नका, इन्सुलेटेड पक्कड वापरा. ठिणगी निळसर, जोरदार हवी. कार्बोरेटरमधून फटके येत असतील तर वायरींचा क्रम तपासा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, १-३-२ आहे. दोन वायरी उलटसुलट झाल्या की एकच सिलिंडर धड चालतो.

काढलेल्या प्लगकडे नीट बघा. ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल जास्त होतंय. चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. सेल्फ न मारता एअर फिल्टरचं झाकण काढा, टॉर्च लावून अॅक्सिलरेटरची वायर हातानं ओढा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. दिसली नाही तर एसी पंपाकडे (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) येणाऱ्या पाइपचे क्लॅम्प बघा. क्लॅम्प ढिला राहिला की हवा ओढली जाते आणि रात्रीत पेट्रोल टाकीकडे परत जातं. म्हणूनच सकाळी त्रास होतो आणि दिवसभर नाही. झाकण काढलंच आहे तर कोणाला तरी चोक ओढायला सांगा. वरची झडप पूर्ण मिटली पाहिजे. चोकची केबल ढिली बसवली की ती अर्धीच मिटते. ही चूक फार होते आणि थंड इंजिन सुरू न व्हायला तेवढी पुरते.

सुरू होऊन आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) लगेच बंद पडत असेल, तर कार्बोरेटरवरच्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या पेट्रोलच्या झडपेची, वायर लावायची राहिली आहे का बघा. मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा निसटलेला व्हॅक्यूम पाइपसुद्धा हेच करतो.

एवढं करून ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बरोबर असेल आणि गाडीला ओढच नसेल, तर टायमिंग बेल्ट एक दात चुकला असण्याची शक्यता मोठी. इथे स्वतः हात घालू नका. गाडी त्याच गॅरेजला न्या, बेल्टचं कव्हर तुमच्यासमोर उघडायला लावा आणि दोन्ही पुलींच्या खुणा जुळतात का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिथेच तिन्ही सिलिंडरचं कम्प्रेशन मोजून आकडे लिहून घ्या.