चोवीस अंशांतला बर्फ : नव्या विद्यार्थी वैमानिकांसाठी

ग्राउंड स्कूलमध्ये (वैमानिकांच्या वर्गातल्या शिक्षणात) आयसिंगचा, म्हणजे विमानात बर्फ धरण्याचा, धडा आला की आपल्याकडची मुलं तो परीक्षेपुरता वाचतात. बर्फ म्हणजे कॅनडा, आपला काय संबंध! मीही तसाच वाचला. आणि श्रावणातल्या एका सकाळी, बाहेर 24 अंश असताना, मी उडवत असलेल्या सेसना 152 या छोट्या विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरला.

पाऊस नुकताच उघडला होता. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा गुपचूप खाली सरकत होता. मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा नॉब, जरा पुढे केला, काटा पुन्हा उतरला. शेजारून सर म्हणाले, "कार्ब हीट ओढ. पूर्ण." ओढली तर आरपीएम आणखी पडला, इंजिन खोकायला लागलं. घाबरून मी कार्ब हीटचा नॉब परत आत ढकलणार, तेवढ्यात सरांनी मनगट धरलं. थोड्या वेळाने काटा वर चढला, आधीपेक्षाही वर.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब घटतो, त्यात पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते. माठातलं पाणी गार होतं, तसंच. तापमान 20-30 अंशांनीसुद्धा उतरतं आणि दमट हवेतलं बाष्प थ्रॉटलच्या पाकळीवर (आत हवा सोडणाऱ्या झडपेवर) गोठतं. कार्ब हीट म्हणजे एक्झॉस्टभोवतीची (इंजिनाचा धूर सोडणाऱ्या तापलेल्या नळीभोवतीची) गरम हवा. ती विरळ, म्हणून शक्ती आधी घटते. मग वितळलेलं पाणी इंजिनात जातं, म्हणून ते खोकतं. ते खोकणं म्हणजे उपाय लागू पडतोय. तेव्हा हात मागे घेऊ नका. खाली उतरताना थ्रॉटल कमी करण्याआधीच हीट ओढा, कारण नंतर एक्झॉस्टच थंडावतो. जमिनीवर मात्र तपासणीपुरतीच वापरा. ही हवा फिल्टरमधून येत नाही.

पंखांवरचा बर्फ वेगळा. ढगातले थेंब शून्याखालीही पाणीच राहतात आणि पंखाच्या पुढच्या कडेवर आदळताच गोठतात. बहुतेक छोट्या विमानांत त्यावर इलाज नसतो, अशा ढगात शिरायचंच नाही. मोठ्या विमानांत इलाज असतो, पण तो चालू करावा लागतो. 13 जानेवारी 1982 ला वॉशिंग्टनहून एअर फ्लोरिडाचं बोइंग 737 पंखांवर बर्फ घेऊन आणि इंजिनांचं अँटी-आइस (बर्फ धरू न देणारी यंत्रणा) बंद ठेवून निघालं. गोठलेल्या सेन्सरमुळे काटे खऱ्यापेक्षा जास्त जोर दाखवत होते. विमान पोटोमॅक नदीत कोसळलं, 78 माणसं गेली.

तेव्हापासून मी हवामानाचा रिपोर्ट घेताना तापमानाशेजारचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊ लागतं तो आकडा) आधी बघतो. 25 आणि 23 असे जवळजवळचे आकडे दिसले, म्हणजे हवा दमट, की त्या दिवशी कार्ब हीटची आठवण गुडघ्यावरच्या पॅडवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो.