वरच्या मजल्यावरची भिंत काढताय? या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की फोन सुरू होतात, "वरच्या दोन खोल्यांचा एक हॉल करायचाय, मधली भिंत काढली तर चालंल का?" आणि निम्मे लोक भिंत अर्धी पाडल्यावर विचारतात. लातूर-परभणी भागात मी वर्षानुवर्षं हीच कामं करतोय, त्याच त्या चुका बघून जीव कळवळतो म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक चूक म्हणजे टेकू फक्त वरच्याच मजल्यावर लावणं. मिस्त्री गच्चीच्या स्लॅबला चार जॅक (लोखंडी टेकू) लावून मोकळा होतो, पण ते जॅक उभे कशावर? तर वरच्या खोलीच्या फरशीवर, म्हणजे खालच्या हॉलच्या स्लॅबवर. आधी तो भार भिंतीतून खालच्या भिंतीत आणि तिथून पायात जायचा, आता तो अधांतरी स्लॅबवर आला. परभणीत एका घरी मला असंच अर्धवट काम बघायला बोलावलं होतं. वर सगळं ठीक दिसत होतं, खाली उतरलो तर आजी पलंगावर बसलेल्या, त्यांच्या डोक्यावर स्लॅबला आठ-नऊ फुटांची चीर आणि चादरीवर प्लास्टरचे पोपडे. गच्चीवर १००० लिटरची टाकी गच्च भरलेली, म्हणजे एक टन तिथंच, आणि पाडलेल्या विटांचा ढीग त्याच खोलीच्या कोपऱ्यात. १० बाय १० फुटाची नऊ इंची भिंत चार टनांच्या आसपास भरते हो! आणि घराचा स्लॅब धरतात चौरस मीटरला २०० किलो वापराच्या वजनाला. आधी आजींना अंगणात नेलं, टाकी रिकामी केली, मग खाली जॅक लावले, आणि त्यानंतरच मलबा घमेल्या-घमेल्यानं उतरवला. त्या दिवसापासून माझी सवय पक्की आहे, टेकू जमिनीपासून लावत वर जायचं, खालचा जॅक वरच्याच्या बरोबर रेषेत, वर-खाली जाड फळी, भिंतीच्या दोन्ही बाजूंना अडीच-तीन फुटांवर. आणि मलबा रोजच्या रोज खाली.

दुसरं, "ही निस्ती पार्टिशन आहे" हे भिंत वाजवून ठरवणारे. साडेचार इंची भिंतीवरसुद्धा स्लॅब टेकलेला मी बघितलाय. स्लॅब दोन खोल्यांवर सलग असेल तर मधल्या भिंतीवर सळई वरच्या बाजूला जास्त असते, भिंत काढली की तिथंच खालून ताण येतो आणि खाली सळई कमी पडते. म्हणून इंजिनिअरला दाखवा, त्याची फी वाचवून काही साधत नाही.

भिंतीच्या जागी स्लॅब पेलायला लोखंडी गर्डर टाकताना त्याची टोकं नुसत्या विटांवर ठेवू नका, खाली काँक्रीटचा बेड ब्लॉक, म्हणजे भार पसरवणारा ठोकळा करा. गर्डर आणि स्लॅबमधली फट लोखंडी पट्ट्या ठोकून आणि न आकसणारं ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) भरून बंद करा, नाहीतर जॅक काढले की स्लॅब त्या फटीएवढा खाली बसणार.

ब्रेकर लावू नका, छन्नी-हातोड्यानं वरून एकेक थर काढा.

आतली वायर आणि पाइप आधी बंद करा.

गॅलरीचा स्लॅब त्या भिंतीखालून बाहेर गेला असेल तर भिंतीला हातच लावू नका, तिच्या वजनानंच गॅलरी दाबून धरलेली असू शकते.

जुनं माळवदाचं, म्हणजे लाकूड-मातीच्या छताचं घर असेल तर हे सगळं विसरा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या मातीखाली किती माणसं गेली ते इथं कुणाला सांगायची गरज नाही, असल्या घरात भिंत कमी करायचं काम मी घेतच नाही.

आणि घाई. गर्डरऐवजी काँक्रीटचा बीम भरला तर ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्याहून लांब असेल तर २१ दिवस टेकू हलवायचे नाहीत. टँकरचं पाणी महाग आहे हे मलाही कळतं, तरी बीमवरचं गोणपाट ओलं ठेवाच. जॅक काढताना मी मधल्यापासून सुरू करतो, एकेक फेरा सैल करत, आणि बीमखाली दोरी ताणून ठेवतो, दोरी आणि बीममधलं अंतर कमी झालं की तिथंच थांबून जॅक परत कसतो.