पीएलसीचा रॅक केबलने वाढवताना

यंत्राला चार सेन्सर आणि दोन व्हॉल्व्ह वाढवायचे ठरले की नव्याने रुजू झालेला अभियंता आधी मॉड्यूलची (सेन्सर-व्हॉल्व्ह जोडायच्या सुट्या घटकाची) किंमत पाहतो आणि जोडकेबलचा विचार शेवटी करतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा, कारण पीएलसी, म्हणजे यंत्राचे नियंत्रण करणारा औद्योगिक संगणक, कितपत वाढवता येईल हे बहुधा केबलच ठरवते.

अनेक कारखान्यांत अजूनही चालू असलेल्या सीमेन्सच्या एस७-३०० चे उदाहरण घ्या. त्याच्या एका रॅकमध्ये (मॉड्यूल बसवायच्या चौकटीत) ८ मॉड्यूल बसतात आणि आणखी ३ रॅक जोडता येतात. रॅक एकमेकांना जोडणाऱ्या इंटरफेस मॉड्यूलपैकी आयएम ३६५ ही जोडी स्वस्त पडते; मात्र तिची केबल १ मीटरचीच असते, दुसऱ्या रॅकला वीज पहिल्याच रॅककडून मिळते आणि संप्रेषणाची बस (माहिती नेणारी सामाईक वाहिनी) पुढे जात नसल्यामुळे तेथे साधी सिग्नल मॉड्यूलच चालतात. आयएम ३६० आणि ३६१ घेतल्यास दोन रॅकमधील अंतर १० मीटरपर्यंत नेता येते, पण प्रत्येक वाढीव रॅकला २४ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा द्यावा लागतो. या केबलमधून रॅकची आतली बसच पुढे जाते, म्हणून तिला मध्येच जोड देऊन लांबवण्याचा मोह टाळावा. वाढीव रॅकमधील डिजिटल पत्ते (प्रोग्राममध्ये सिग्नल ओळखण्याचे क्रमांक) ३२ व्या बाइटपासून सुरू होतात, हेही प्रोग्राम लिहिण्याआधी ध्यानात घ्यावे.

अंतर याहून अधिक असेल तर रॅक वाढवण्याऐवजी प्रॉफिबस या औद्योगिक नेटवर्कच्या केबलवर दूरस्थ स्टेशन (यंत्राजवळचा वेगळा मॉड्यूल-संच) बसवणे श्रेयस्कर. येथे वेग आणि लांबी यांचे गणित व्यस्त आहे: सेकंदाला १.५ मेगाबिट वेगाला एका सेगमेंटची (केबलच्या एका सलग भागाची) कमाल लांबी २०० मीटर, तर १२ मेगाबिटला १०० मीटर. वेग वाढवण्याची हौस बहुतेक यंत्रांना परवडते, पण गरज क्वचितच असते.

कमिशनिंगमध्ये, म्हणजे यंत्रणा प्रथम चालू करताना, सर्वाधिक वेळ खातो तो प्रॉफिबस कनेक्टरवरील टर्मिनेशनचा (केबलच्या टोकाला रोध जोडण्याचा) स्विच. तो दोन्ही टोकांना चालू आणि मधल्या सर्व कनेक्टरवर बंद हवा. मधला एखादा चालू राहिला तर नेहमीच्या कनेक्टरमध्ये पुढे जाणारी केबलच तुटते आणि त्यापलीकडची सगळी स्टेशने एकदम गायब होतात. कनेक्टर उपकरणांतून काढून दोन तारांमधील रोध मोजावा. साधारण ११० ओम आला तर दोन्ही टोके ठीक आहेत, २२० च्या आसपास आला तर एकच चालू आहे. शिवाय टोकाच्या टर्मिनेशनला त्याच स्टेशनकडून ५ व्होल्ट मिळतात, त्यामुळे देखभालीसाठी वारंवार बंद होणारे यंत्र शेवटच्या जागी ठेवू नये.