रिटच केलेला फोटो तपासायचा कसा

जाहिरातीतला किंवा मासिकाच्या मुखपृष्ठावरचा फोटो रिटच केलाय का, म्हणजे संगणकावर त्यात फेरफार केलाय का, हे तपासायला घेतलंत तर चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. चेहऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ घातलेला असतो, त्यामुळे तिथे चूक क्वचितच सापडते. आधी दंड आणि कंबर यांच्यामधली फट बघा. मागे दाराची चौकट, टाइल्स किंवा कठडा असेल तर त्याची रेघ फटीच्या आत आणि बाहेर एकाच सरळीत हवी. फोटोशॉपमधल्या लिक्विफायने, म्हणजे फोटोतला भाग ढकलून-ओढून आकार बदलणाऱ्या साधनाने, कंबर आत ढकलली की शेजारचे पिक्सेलही तिच्यासोबत ओढले जातात आणि चौकट शरीराच्या दिशेने वाकते. मुरलेला रिटचर पार्श्वभूमी आधी ‘फ्रीझ’ करून, म्हणजे हलू नये अशी बांधून ठेवतो किंवा नंतर नव्याने भरतो. तिथे रेघ वाकलेली दिसत नाही, पण शरीरामागून बाहेर येताना जराशी वरखाली सरकलेली असते. कागदाची सरळ कडा स्क्रीनला लावली की हे लगेच कळतं.

एक सावधगिरी मात्र हवी. वाइड अँगल लेन्स फोटोच्या कडेच्या रेघा आपोआप वाकवते. सगळीच चौकट एकसारखी वाकली असेल तर तो लेन्सचा दोष. फक्त कमरेपाशी किंवा मांडीपाशीच वाकली असेल तर कुणाचा तरी हात फिरलाय.

त्यानंतर कपड्यांकडे या. पट्ट्यापट्ट्यांचं किंवा चौकड्यांचं कापड उत्तम साक्षीदार असतं. पोटाच्या मध्यभागी कापड कॅमेऱ्यासमोर जवळजवळ सपाट असतं. तिथल्या चौकड्या छातीवरच्या चौकड्यांपेक्षा अरुंद दिसल्या आणि कापडाला चुण्याही नसल्या, तर कंबर आवळलेली आहे. घड्याळाची गोल तबकडी अंड्याच्या आकाराची झाली असेल तर मनगट बारीक केलेलं असू शकतं, अर्थात मनगट तिरपं धरलेलं नाही ना, हे बघून. आरशातलं प्रतिबिंब आणि जमिनीवरची सावली हमखास तपासा. घाईत काम केलेल्याला शरीर बारीक करायचं सुचतं, सावली बारीक करायचं सुचत नाही.

शरीर वळलं की वळी पडतेच. बसलेल्या माणसाच्या पोटाला, वळवलेल्या मानेला, खाली सोडलेल्या हाताच्या काखेपाशी घडी दिसलीच पाहिजे. तिथे गुळगुळीत सपाटी असेल तर ती पुसलेली आहे. मला विचाराल तर कमरेच्या फेरफारापेक्षा हाच जास्त घातक, कारण तो कुणाला खटकत नाही आणि बघणाऱ्याला स्वतःच्या पोटाची वळी मात्र व्यंग वाटू लागते.

त्वचेसाठी फोटो २०० टक्के मोठा करा. भुवईचा केस न केस सुटा दिसतो, पण गालावर एकही रंध्र नाही, ही स्वस्तातल्या स्मूदिंगची, म्हणजे त्वचा गुळगुळीत करण्याची खूण. महागडं काम वेगळ्या पद्धतीने होतं. फ्रिक्वेन्सी सेपरेशनमध्ये त्वचेचा पोत एका लेयरवर (थरावर) आणि रंग-छटा दुसऱ्या लेयरवर घेतात. पोत तसाच ठेवून रंग सपाट करतात. त्यामुळे रंध्रं दिसतात, पण नाकपुड्यांच्या कडेची लाली, कोपराचा आणि गुडघ्याचा गडदपणा, डोळ्यांखालची निळसर छटा गायब असते. डोळ्याचा पांढरा भागही खरा पांढराशुभ्र नसतो. पापणीची सावली त्यावर पडते. मेसेजमधून फिरत आलेल्या फोटोवर मात्र ही तपासणी करू नका, कारण कॉम्प्रेशनमध्ये रंध्रं तशीही पुसली जातात. मूळ मोठी प्रत शोधा. प्रसिद्ध व्यक्ती असेल तर त्याच सुमाराचा वृत्तसंस्थेचा फोटो शेजारी ठेवा. रॉयटर्स, एपी, एएफपी यांच्या नियमांत शरीराचा आकार बदलायला मनाई आहे.

व्हिडिओत फिल्टर पकडायचा तर चेहऱ्यासमोरून हात जातो तो क्षण हळू गतीने बघा. ओठ, भुवया किंवा जबड्याची कड क्षणभर थरथरते.

आता तुमचा फोन. पुढच्या कॅमेऱ्यात ब्युटी, रिटच किंवा फेस स्मूदिंग अशा नावाचा पर्याय असतो. काही फोनमध्ये तो न सांगताच सुरू असतो. तो शून्यावर आणा. मग त्याच उजेडात पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याने एकेक फोटो काढून ताडून बघा. शून्यावरही थोडा गुळगुळीतपणा राहील, कारण नॉइज, म्हणजे फोटोतले नकोसे दाणे काढताना फोन बारीक पोत खातो. सेल्फीतलं नाक हा आणखी एक फसवा प्रकार. सुमारे ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी १.५ मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के जास्त दिसते, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने दाखवलं होतं. नाकावरून खट्टू होण्याआधी फोन दीड मीटरवर ठेवून, टायमर लावून, दुप्पट झूमने एक फोटो काढा.

फेरफार झालाय हे कळलं म्हणजे मनावर परिणाम होत नाही, असं मात्र नाही. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून शरीराची जाडी बदललेल्या जाहिरातीवर ‘रिटच केलेला फोटो’ असं छापावं लागतं, नाहीतर ३७,५०० युरोंचा दंड होऊ शकतो. इस्रायल आणि नॉर्वेतही असे कायदे आहेत. पण सूचना वाचूनही स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी फारशी कमी होत नाही, असंच बहुतेक प्रयोगांत दिसलंय. तुलना सूचना वाचण्याआधीच होऊन गेलेली असते.

म्हणून मुलांसोबत फोटो तपासताना ‘ती काही एवढी बारीक नाहीये’ असं म्हणू नका. त्याने मोजपट्टी हातात तशीच राहते. ‘इथे काय पुसलंय, आणि ते पुसल्याने काय विकलं जातंय?’ असं विचारा. ज्या अकाउंट्समुळे फोन ठेवल्यावर हटकून आरशाकडे जावंसं वाटतं, ती म्यूट करा आणि तशा पोस्टवर ‘यात रस नाही’ हा पर्याय दाबा. एकदा दाबून भागत नाही, काही दिवस नेमाने दाबावा लागतो, तेव्हा कुठे फीड हलते.

कुणी दिवसाकाठी तासाहून जास्त वेळ एखाद्याच अवयवाच्या काळजीत घालवत असेल, जेवण टाळत असेल, फिल्टरशिवाय एकही फोटो काढू देत नसेल, तर त्याला रिटचिंग समजावत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या.