जोडीदाराला कॅनडात बोलावण्यासाठी स्पॉन्सरशिपचा अर्ज कसा तयार करावा

कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या व्यक्तीला आपल्या पतीला अथवा पत्नीला तेथे कायमच्या वास्तव्यासाठी बोलावता येते. या अर्जात गुणांची स्पर्धा नसते, आणि सोबत येणाऱ्या मुलालाच स्वतःचे मूल असण्याचा विरळा अपवाद सोडला, तर किमान उत्पन्नाची अटही नसते. त्यामुळे हे काम सोपे वाटते आणि अनेक तरुण जोडपी थेट फॉर्म उघडून बसतात. मात्र ज्या अधिकाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेले नाही, त्याला तुमचे नाते केवळ कागदांवरून समजून घ्यायचे असते, आणि त्याच्यासमोर दोघांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेली माहिती शेजारी शेजारी असते. म्हणून फॉर्मच्या आधी एक वही करावी.

या वहीत दोघांनी, एकमेकांना न विचारता, आपापल्या आठवणीप्रमाणे तारखा लिहाव्यात: ओळख कधी आणि कोणामार्फत झाली, प्रत्यक्ष भेट कधी झाली, दोन्ही घरी कधी सांगितले, लग्न कधी ठरले आणि कधी झाले, त्यानंतर एकत्र किती दिवस राहिलो, कोण कोणाला भेटायला कधी गेले. नंतर दोन्ही याद्या जुळवून पाहाव्यात. त्या तंतोतंत जुळणार नाहीत, आणि त्यात संशयास्पद काही नाही. एकाच्या लेखी पहिली भेट म्हणजे फोनवरचे पहिले बोलणे असते, तर दुसऱ्याच्या लेखी समोरासमोर बसून घेतलेला चहा. मात्र हा फरक फॉर्ममध्ये तसाच गेला, तर तो विसंगती म्हणून वाचला जातो. पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटे आणि जुने संदेश पाहून एकच तारीखवार नोंद पक्की करावी आणि पुढचा प्रत्येक कागद तिच्यावरून भरावा.

पात्रता तपासणे

स्पॉन्सर (म्हणजे बोलावणारी व्यक्ती) आणि जोडीदार दोघांचेही वय किमान १८ वर्षे असले पाहिजे. स्पॉन्सर कॅनडाचा नागरिक, कायम रहिवासी किंवा तेथील इंडियन अ‍ॅक्टखाली नोंदलेली आदिवासी व्यक्ती असावी लागते. नागरिकाला परदेशात राहूनही अर्ज करता येतो, पण जोडीदाराला पीआर (कायम वास्तव्याचा दर्जा) मिळाल्यावर दोघे कॅनडात राहणार आहेत हे त्याला दाखवावे लागते. कायम रहिवाशाला ही सवलत नाही. त्याने स्वतः कॅनडात राहत असले पाहिजे. अपंगत्वाखेरीज अन्य कारणासाठी सरकारी साहाय्य घेणारी, दिवाळखोरीतून अद्याप मुक्त न झालेली किंवा आधीच्या स्पॉन्सरशिपचे देणे थकवलेली व्यक्ती स्पॉन्सर होऊ शकत नाही. स्पॉन्सर स्वतः कोणाचा जोडीदार म्हणून कॅनडात आला असेल, तर त्याला पीआर मिळाल्यापासून पाच वर्षे थांबावे लागते.

लग्नाच्या वेळी दोघेही प्रत्यक्ष हजर असणे आवश्यक आहे. फोनवरून, इंटरनेटवरून किंवा कोणाला प्रतिनिधी म्हणून उभे करून लागलेले लग्न २०१५पासून, सैन्यदलांतील व्यक्तींचा अपवाद वगळता, या कामासाठी मान्य होत नाही. लग्न न केलेल्या जोडप्यांना किमान सलग एक वर्ष एकत्र राहिल्याचे दाखवता आले, तर कॉमन-लॉ जोडीदार म्हणून अर्ज करता येतो.

याच टप्प्यावर स्पॉन्सरने स्वतःची जुनी फाइल आठवावी. अनेक तरुण आधी विद्यार्थी म्हणून जातात, मग पीआरचा अर्ज करतात, आणि तो अर्ज चालू असतानाच लग्न होते. पीआर मिळण्यापूर्वी झालेले लग्न त्या वेळी कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला कळवले नसेल आणि त्यामुळे जोडीदाराची तपासणी झाली नसेल, तर इमिग्रेशन नियमावलीच्या कलम ११७(९)(ड)प्रमाणे तो जोडीदार पुढे कौटुंबिक वर्गातून, म्हणजे कुटुंबीयांना बोलावण्याच्या अर्जप्रकारातून, वगळला जातो. लग्न खरे आहे, दोघे आनंदाने नांदत आहेत, याने तेथे काही फरक पडत नाही. आपले प्रकरण या कलमाच्या जवळपास जाते अशी शंका असेल, तर स्वतः अर्ज भरण्याचा विचार बाजूला ठेवून आधी वकिलाला किंवा परवानाधारक सल्लागाराला भेटावे. सल्लागाराचा परवाना २०२१च्या नोव्हेंबरपासून ज्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सकडे सोपवलेला आहे, त्या संस्थेच्या सार्वजनिक यादीत त्याचे नाव पाहावे. ओळखीचे कोणी ‘सगळे करून देतो’ म्हणते, एवढ्यावर फाइल सोपवू नये.

आतून की बाहेरून

अर्जाचे दोन मार्ग आहेत आणि निवड एकदाच करायची असते. जोडीदार कॅनडात स्पॉन्सरबरोबर एकाच घरी राहत असेल, तर कॅनडातील जोडीदारांच्या वर्गात अर्ज करता येतो. जोडीदार परदेशात असेल, तर कौटुंबिक वर्गात करावा लागतो. जोडीदार कॅनडात तात्पुरता आलेला असतानाही हा दुसरा मार्ग घेता येतो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. फरक नामंजुरीच्या वेळी जाणवतो: कौटुंबिक वर्गात स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे ३० दिवसांत अपील करता येते, तर आतल्या वर्गात ते दार बंद असते आणि फेडरल कोर्टाकडे पुनरावलोकनासाठी जाण्यास अवघे १५ दिवस मिळतात. शिवाय आतल्या वर्गातील जोडीदार मध्येच देशाबाहेर गेला आणि त्याला परत प्रवेश मिळाला नाही, तर एकत्र राहण्याची अटच मोडते. घरी आजारी आईवडील असतील आणि अचानक जावे लागण्याची शक्यता असेल, तर माझ्या मते बाहेरचा मार्गच सोयीचा.

क्वेबेकमध्ये राहणाऱ्या स्पॉन्सरला प्रांतिक सरकारकडेही वेगळे हमीपत्र द्यावे लागते, आणि अशा अर्जांच्या संख्येवर त्या प्रांताने २०२४मध्ये मर्यादा घातली. त्यांनी प्रांताचे नियम आधी वाचावेत.

फॉर्म भरणे

अर्ज ऑनलाइन पोर्टलवरून केला जातो. आयएमएम १३४४ हा स्पॉन्सरशिपचा अर्ज, करार आणि हमीपत्र असा तिहेरी फॉर्म आहे. त्यावर सही करण्यापूर्वी हमीचा अर्थ समजून घ्यावा: जोडीदाराला पीआर मिळाल्यापासून तीन वर्षे त्याच्या अन्न, वस्त्र, निवारा आणि सरकारी विम्यात न बसणाऱ्या आरोग्याच्या गरजा भागवण्याची जबाबदारी स्पॉन्सरची असते. या काळात जोडीदाराने सरकारी साहाय्य घेतले तर ते स्पॉन्सरला फेडावे लागते, आणि मध्येच घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही. विशी-पंचविशीतल्या जोडप्याला हे वाक्य अप्रिय वाटेल. तरी ते दोघांनी मिळून मोठ्याने वाचावे. त्याच फॉर्ममध्ये, स्पॉन्सर अपात्र ठरल्यास अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा, असा एक छोटा प्रश्न असतो. मागे घेतला तर स्पॉन्सरशिपचे शुल्क वगळून बाकीचे पैसे परत मिळतात, पण अपिलाची वाट खुली ठेवायची असेल तर पुढे चालवण्याचा पर्याय निवडावा लागतो. घाईत खूण करण्यासारखा हा प्रश्न नव्हे.

आयएमएम ५६६९ या पूर्वेतिहासाच्या फॉर्ममध्ये गेल्या दहा वर्षांचा किंवा वयाच्या अठराव्या वर्षापासूनचा, यांपैकी जो काळ कमी असेल त्याचा, इतिहास महिनावार मागितला जातो. चोवीस वर्षांच्या व्यक्तीला सहाच वर्षांचा हिशेब द्यायचा असतो, हा तरुण असण्याचा एक फायदा. त्यात एकही महिना रिकामा ठेवू नये: नोकरी शोधत होता, परीक्षेचा अभ्यास करत होता, घरीच होता, तर तसे लिहावे. याच फॉर्ममध्ये कोणत्याही देशाने पूर्वी व्हिसा नाकारला आहे का, असे विचारलेले असते. नाकारला असेल तर सांगावे, कारण नामंजूर झालेला व्हिसा हा दोष नाही, पण तो लपवणे म्हणजे खोटी माहिती देणे ठरू शकते आणि त्यासाठी पाच वर्षांची बंदी येते. दोघांनी पूर्वी केलेले विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसाचे अर्जही खात्याकडे असतात. तेव्हा वैवाहिक स्थितीच्या रकान्यात काय लिहिले होते, ते तपासून घ्यावे.

आयएमएम ५५३२ हा नात्याविषयीचा फॉर्म वहीवरूनच भरावा. येथे लांबलचक प्रेमकथा नको. तारीख, ठिकाण, हजर माणसे आणि पुढे काय घडले, एवढे साध्या वाक्यांत पुरे.

नात्याचा पुरावा

नियमावलीच्या कलम ४(१)मध्ये दोन वेगळे प्रश्न आहेत: नाते खरे आहे का, आणि लग्न मुख्यतः इमिग्रेशनचा लाभ मिळवण्यासाठी केले होते का. २०१०च्या दुरुस्तीपासून यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले तरी अर्ज नाकारता येतो. म्हणजे आजचा संसार दाखवून भागत नाही. लग्नाच्या वेळचा हेतूही कागदांवरून दिसावा लागतो.

तरुण जोडप्याची अडचण अशी की त्यांच्या नावावर सामाईक असे फारसे काही नसते. घर नसते, जुने बँक खाते नसते, मूल नसते. ही उणीव शेकडो पाने जोडून भरून निघत नाही. खात्याच्या यादीत फोटो जास्तीत जास्त २० आणि पत्रे, संदेश यांची पाने १० अशी मर्यादा घातलेली आहे, म्हणून निवड हेच खरे काम ठरते. एकाच समारंभाचे वीस फोटो देण्याऐवजी वेगवेगळ्या वर्षांतले, दोन्ही घरच्या माणसांसोबतचे फोटो घ्यावेत आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण व व्यक्तींची नाती लिहावीत. संदेश निवडताना एका आठवड्याचे सलग संभाषण घेऊ नये; दर काही महिन्यांनी एखादे पान असे पसरवावे. दाताच्या डॉक्टरांची वेळ, थकलेले घरभाडे, उशिरा सुटलेली बस असल्या विषयांवरचे बोलणे प्रेमाच्या आणाभाकांपेक्षा जास्त पटते, कारण ते कोणी दाखवण्यासाठी लिहीत नाही. आपली बहुतेक संभाषणे मराठीत असतात, आणि इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदासोबत भाषांतर लागते. ते स्वतः किंवा नातेवाइकाने केलेले चालत नाही, हे दहा पाने निवडताना लक्षात ठेवावे.

एकत्र राहत असाल तर भाडेकरारात दोघांची नावे घालून घ्यावीत. फोनचे किंवा विजेचे बिल सामाईक करावे. नोकरीच्या ठिकाणच्या विम्यात जोडीदाराचे नाव लाभार्थी म्हणून नोंदवावे. यांतले काहीही अर्जासाठी ओढूनताणून करू नये, पण जे लग्नानंतर व्हायलाच हवे ते आळसाने मागे राहू देऊ नये. लग्न झाल्यावर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीला (तेथील कर खात्याला) वैवाहिक स्थितीतला बदल कळवायचा असतो. स्पॉन्सरने लग्नानंतरही ‘अविवाहित’ म्हणून कर भरला असेल आणि तोच कागद उत्पन्नाच्या पुराव्यादाखल जोडला असेल, तर स्वतःच्याच फाइलविरुद्ध साक्ष दिल्यासारखे होते. चूक आधीच झाली असेल तर ती एजन्सीकडे दुरुस्त करून घ्यावी आणि दुरुस्तीचा कागदही जोडावा.

उरलेल्या शंकांसाठी एक-दोन पानांचे स्पष्टीकरणाचे पत्र लिहावे. ओळखीनंतर दोनच महिन्यांत लग्न झाले, वयात बरेच अंतर आहे, एका बाजूचे पालक लग्नाला आले नाहीत, समारंभ अगदी छोटा होता: यांपैकी जे लागू असेल त्याचे खरे कारण सरळ सांगावे. अधिकाऱ्याला जो प्रश्न नक्की पडणार आहे, त्याचे उत्तर त्याने विचारण्याआधी फाइलमध्ये असावे.

शुल्क, दाखल करणे आणि नंतर

३० एप्रिल २०२४ रोजी लागू झालेल्या दरांनी स्पॉन्सरशिपचे ८५, प्रक्रियेचे ५४५ आणि कायम वास्तव्याच्या हक्काचे ५७५, असे मिळून १,२०५ कॅनेडियन डॉलर होत होते. बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ डॉलर वेगळे. हे दर दर दोन वर्षांनी वाढवले जातात, म्हणून भरण्याच्या दिवशीचा आकडा पाहावा. एखादा फॉर्म किंवा सही राहिली तर अर्ज तपासणीपूर्वीच परत येतो. चेकलिस्ट, म्हणजे आयएमएम ५५३३, एकाने वाचावी आणि दुसऱ्याने कागद दाखवावा. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मिळण्यास वेळ लागतो, ते आधीच मागवावे. वैद्यकीय तपासणी मात्र खात्याची सूचना आल्यावर, त्यांच्या यादीतील डॉक्टरांकडेच करावी.

पोच मिळाल्यानंतरचे महिने कंटाळवाणे असतात, पण फाइल तेव्हाही चालूच असते. भेटींची तिकिटे, नवे भाडेकरार जपून ठेवावेत आणि पत्ता, पासपोर्ट किंवा नोकरी बदलली तर खात्याच्या वेबफॉर्मवरून कळवावे. या काळात मूल झाले तर ते सर्वांत आधी कळवावे, मूल सोबत येणार असो वा नसो. पीआर मिळण्याच्या क्षणी न कळवलेल्या आणि न तपासलेल्या मुलालाही तेच कलम ११७(९)(ड) लागू होते, आणि त्यानुसार तेही पुढे कौटुंबिक वर्गातून वगळले जाते.